फलाट क्रमांक तीनवरची रश्मी

शिरूरच्या एसटी स्टँडवर मी गाड्या पुकारतो. मी तोंड उघडलं की माणसं अर्धा चहा टाकून उठतात, बाया लेकरं काखोटीला मारून पळतात. भीमजयंतीला माईक माझ्याच हातात, कुस्त्यांच्या आखाड्यातही माझ्याच हातात. म्हणून शाळेचे महेंद्र सर जेव्हा म्हणाले, "हौसरावमामा, आमच्या पोरींची बेसबॉलची मॅच हाय, माईकवर तुम्ही बसा," तेव्हा मी खेळ कोणता हेसुद्धा नीट ऐकून न घेता हो म्हणालो.

सरांची अडचण वेगळीच होती. हेडमास्तर त्यांना म्हणाले होते, "तुमचा खेळ बघायला चिटपाखरू येत नाही. यंदा गर्दी दिसली तर ठीक, नाहीतर टीम बंद." आणि त्या टीममध्ये माझी रश्मी होती. नववीतली पोर. वर्षभर पहाटे उठून, कोपरं सोलून घेऊन ती हा खेळ शिकली होती.

मी माईकवर बसणार हे कळल्यावर तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"पप्पा, तुम्हाला नियम म्हायती हायेत का?"

"क्रिकेटच की गं ते. फक्त स्टंप काढून ठेवल्यात."

"पप्पा, तुम्ही नुसती नावं सांगा. बाकी काय बी बोलू नका."

तिची आई भाकरी उलथत म्हणाली, "ह्यांना गप बसायला सांगणं म्हंजी बैलाला शिंगं घरी ठिवून ये म्हणण्यासारखं हाय."

मॅचच्या आदल्या दिवशी नगरच्या गाडीनंतर आणि पुण्याच्या गाडीआधी मी स्टँडवर मॅच पुकारून टाकली. दुसऱ्या दिवशी मैदानावर ही गर्दी. कुणी हलगी घेऊन आलं, एक भेळवाला आला, दोन भेळवाले आले. समोरची टीम राहू गावची, म्हणजे दौंड तालुक्यातली. त्यांच्या टेंपोतून पोरींच्या मागोमाग एक उंच म्हातारा उतरला. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. हे गेणबाआप्पा. त्यांची नात अंकिता राहूची सगळ्यांत चपळ खेळाडू.

सरांनी घाईघाईत मला खेळ सांगितला. "मामा, चार कोपरे. चेंडू मारायचा, पहिल्या बेसवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आन् तिथनं परत घरी. घरी पोचली की एक रन."

"समजलं," मी म्हणालो. हे तर आमच्या स्टँडसारखंच होतं.

राहूची पहिलीच पोरगी, म्हणजे ही अंकिता, बॅट घेऊन उभी राहिली. चेंडू आला, तिनं सोडला. दुसरा सोडला. असे चार चेंडू तिनं नुसते बघितले, आणि पंचांनी तिला पहिल्या बेसवर जायला सांगितलं. मी इमानदारीनं माईकवर सांगितलं, "राहूच्या मुलीला चार चेंडू लागलेच नाहीत, तरीही पंचांनी तिला पुढे सोडलेलं आहे. कारण समजलेलं नाही."

झालं. शिरूरकर उठले. हलगीवाला हलगीसकट मैदानात घुसला. "ओ पंच, पैसं खाल्लं का?" पंच पुण्याचे, टोपीवाले, किडकिडीत. ते बिचारे सगळ्यांना हात जोडून सांगायला लागले, की चेंडूच वाकडे टाकले तर खेळणारीला फुकट बेस मिळतो. गर्दी कशीबशी बसली. सर माझ्या कानाशी येऊन उभे राहिले. "मामा, आता मी सांगतो तेवढंच बोला."

एवढ्यात अंकिता पहिल्या बेसवर पोचली होती. आमच्या पोरीनं चेंडू टाकायला हात मागे नेला आणि अंकिता बाणासारखी सुटून दुसऱ्या बेसवर. सर पुटपुटले, "बेस चोरला." खेळात तसंच म्हणतात म्हणे. मी तेवढंच बोललो. "राहूच्या अंकितानं बेस चोरलेला आहे."

गेणबाआप्पा जागचे उठले. काठी टेकत सरळ माझ्या टेबलापाशी.

"कोन चोर?"

"आप्पा, खेळातलं आहे ते."

"माझ्या नातीचं नाव घेतलंस. भर गर्दीत. आमच्या घरात कुनी दुसऱ्याची काडी उचलली न्हाई, आन् ही बेस चोरंल? बेस म्हंजी काय असतंय ते दाव आदी."

खेळ थांबला. पंच, सर आणि मी आप्पांना घेऊन दुसऱ्या बेसपाशी गेलो. त्यांनी वाकून ती पांढरी गादी उचलली, खाली बघितलं, परत जागेवर ठेवली.

"ही तर हितंच हाय."

"हितंच हाय, आप्पा," पंच म्हणाले.

"मग चोरली कुनी?"

अंकितानं तोंड दोन्ही हातांत लपवलं होतं. शेवटी मला माईकवर जाहीर करावं लागलं, की बेस सापडलेला असून कुणावरही संशय नाही.

यानंतर मी ठरवलं, परकी भाषा नको. आपली बोलू. बेस म्हणजे फलाट, पळणारी म्हणजे गाडी. लोकांना लगेच कळायला लागलं. मी पुकारायचो, "राहूची गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटण्याच्या तयारीत आहे." आमची चेंडू टाकणारी हे ऐकायची, गर्रकन वळून बेसवर चेंडू फेकायची, आणि बेस सोडून पळायच्या बेतात असलेली पोरगी आऊट. असं दोनदा झालं तेव्हा राहूवाले चिडले. आता कुणी पक्षपाती म्हणू नये म्हणून पुढच्या वेळी मी आमचीही गाडी तितक्याच खणखणीत आवाजात पुकारली. गाडी होती रश्मी.

ती आऊट होऊन परत येताना टेबलासमोर थांबली. नुसतं बघितलं. पंचांनी येऊन माईकची वायर काढली, गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात घातली.

शेवटचा डाव आला तेव्हा दोघांचे रन सारखे झाले होते. आमची एकजण आऊट होती. रश्मी तिसऱ्या फलाटावर उभी. तिनं घर गाठलं की आपण जिंकलो. बॅट सीमाकडे. तिनं असा मारला की चेंडू आभाळात ठिपका होऊन गेला.

माईक नव्हता, पण गळा माझाच होता.

"रश्मे, सूट!"

रश्मी हलली नाही. एक पाय बेसवर ठेवून चेंडूकडे बघत उभी.

"अगं गाडी सोड की! पळ!"

आता सगळं शिरूर ओरडत होतं. पोरगी ढिम्म. तिकडे लांब राहूच्या पोरीनं चेंडू झेलला. सीमा आऊट. आणि त्यानंतर, सगळं संपल्यावर, आमची रश्मी धावत सुटली. धुळीत घसरत घरी पोचली. मी डोक्याला हात लावला. वेळेवर सुटली नाही आणि आता रिकामी धावते, म्हणजे तीही आऊट आणि मॅच गेली.

लोक माझ्याकडे बघत होते. मी उभं राहून जड आवाजात सांगितलं, "आपण हरलेलो आहोत. सर्वांनी शांततेनं आपापल्या घरी जावं."

आणि लोक गेले. शिस्तीत गेले. हलगी गेली, भेळवाले गेले. कप द्यायला आलेले प्रमुख पाहुणे जीपमध्ये बसले आणि कपही त्यांच्याबरोबर गेला. पाठोपाठ हेडमास्तरही निघाले.

राहूवाले आणि सर यांच्या गराड्यातून सुटून पंचांनी मग हात वर केला. झेल झाल्यानंतर बेस सोडून घर गाठलं तर रन धरतात. झेलाआधी सुटली असती तर तीच आऊट होती. शिरूर जिंकलं होतं.

मैदानात आता दोन टीम, पंच, सर, मी आणि टेंपोची वाट बघणारे गेणबाआप्पा. आप्पांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ ते एकटेच वाजवत होते. मग त्यांनी आपला पटका सोडला आणि रश्मीच्या डोक्याला बांधला. "जितली पोर," म्हणाले. कप काही त्या दिवशी मिळाला नाही.

हेडमास्तरांनी गर्दी मात्र पाहिली होती, त्यामुळे टीम राहिली.

घरी जाताना रश्मी सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होती. डोक्याला तो तांबडा पटका. धीर करून मी विचारलं, "बाळा, एवढा ओरडत होतो मी. तुला ऐकू आलं न्हाई का?"

"आलं की, पप्पा," ती म्हणाली. "म्हणून तर थांबले."