टूहीबाई आग्रहच करेनात!

"आता माझा फक्त पासपोर्ट बदलायचा राहिलाय!" बसमधून उतरता उतरता जुसाराने जाहीर केलं. "बाकी मी आतून-बाहेरून आयरिश झालेय!"

उतरताना तिने ड्रायव्हरचे आभार मानले. इथे सगळेच मानतात. पण जुसाराने असे मानले, की जणू त्याने तिला बुडत्या जहाजातून ओढून काढलं होतं! मागून उतरणाऱ्या ओरनने कपाळाला हात लावला.

"अगं, नुसतं थँक्यू म्हणायचं! त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी कशाला?"

"तोच म्हणाला, दुखतोय म्हणून!"

ब्राझीलहून गॉलवेला शिकायला येऊन जुसाराला जेमतेम महिना झाला होता आणि तेवढ्यात तिची कीर्ती ओरनच्या अख्ख्या खानदानात पसरली होती. ओरन तिच्या वर्गातला. त्याची आई पहिल्या भेटीत सहज म्हणाली, "कधीही ये हं घरी." तर ही बाई दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, आईसाहेब गाउनवर असताना दारात हजर! "चहा घेणार?" "हो!" "सँडविच?" "हो!" "अजून एक?" "दोन!" पोर खात होती मनापासून, आणि घरचे सगळे तिच्याकडे, पाळण्यातलं बाळ अचानक उठून पाढे म्हणायला लागावं तसे, डोळे विस्फारून बघत होते.

म्हणून आज ओरनने वाटेत तिची शिकवणीच घेतली. कारण आजचं काम नाजूक होतं. कालवांच्या, म्हणजे समुद्री शिंपल्यांच्या, जत्रेसाठी गावातलं प्रत्येक हॉस्टेल भरलेलं होतं. शनिवारी जुसाराला तिच्या हॉस्टेलातून बोचकं उचलायचं होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. गॉलवेत भाड्याची खोली शोधणं म्हणजे समुद्रात पडलेली कुडी शोधणं! अशी एक कुडी, म्हणजे खोली, ओरनच्या मावशीकडे रिकामी होती. असम्प्टा टूही, सॉल्टहिल, समुद्राकडे तोंड. मात्र मावशीला माणूस पटला तरच.

"नीट ऐक," ओरन म्हणाला. "चहा विचारला की नको म्हणायचं. ती परत विचारेल, परत नको. मग ती म्हणेल, 'अगं, घोटभर तरी घे!' तेव्हा हो म्हणायचं. तेही तिच्यावर उपकार केल्यासारखं."

"आणि तिने परत विचारलंच नाही तर?"

ओरन खो-खो हसला. "माझ्या मावशीने? अगं, टपाल टाकायला आलेल्या माणसालाही ती टार्ट खायला घातल्याशिवाय फाटकाबाहेर सोडत नाही! आणि दुसरं, कुणी कौतुक केलं की झटकून टाकायचं. 'कोट छान आहे' म्हणाली की 'छे हो, जुनाच आहे.' मोठेपणा मिरवायचा नाही."

"सोप्पं आहे!" जुसारा म्हणाली, आणि ओरनला समुद्रकाठच्या बाकावर बसवून ताठ मानेने फाटकातून आत शिरली.

टूहीबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्याआधी सफरचंदाच्या टार्टचा वास बाहेर आला. जुसाराने उत्साहाच्या भरात सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"ये गं, ये. चहा घेशील?"

"नको, नको!" जुसारा ऐटीत म्हणाली.

"बरं," टूहीबाई म्हणाल्या आणि त्यांनी किटलीचं बटण बंद केलं.

जुसारा वाट बघत बसली. आता विचारतील. हं, आता! टूहीबाई ओठ घट्ट मिटून खिडकीच्या पडद्याकडे बघत होत्या.

"टार्ट? आत्ताच ओव्हनमधून काढलाय."

"छे, नको हो!"

"बरं."

टार्टवर फडकं पडलं. जुसाराच्या पोटातून असा काही आवाज आला, की मांजर उठून कोचाखाली गेलं.

'दुसरा नियम!' जुसाराने मनाला बजावलं. 'दुसऱ्या नियमात सगळी कसर भरून काढायची!'

"कोट छान आहे गं तुझा."

"छे हो! जुना आहे, अस्तर फाटलंय!"

"ओरन सांगत होता, फार हुशार आहेस म्हणे."

"कसली हुशार! मठ्ठ आहे मी, मठ्ठ!"

टूहीबाईंची भुवई वर गेली. "स्वयंपाकघर मात्र स्वच्छ ठेवत असशील ना?"

हेही कौतुकच की! जुसाराने ते माशी हाकलावी तसं उडवून लावलं. "छे हो! माझ्यासारखी गबाळी शोधून सापडायची नाही!"

"अगंबाई. पण तशी शांत दिसतेस..."

"तुमचं आपलं काहीतरीच! मी घोरतेसुद्धा!"

टूहीबाई हळूच उठल्या. तरी ओरनला शब्द दिला होता म्हणून त्यांनी खोली दाखवली. छोटीशी खोली, पिवळी गोधडी, आणि खिडकीत अख्खा समुद्र! जुसाराने गोधडीवर हात ठेवला आणि तिला एकदम आईची आठवण आली. महिनाभर हॉस्टेलात सहाजणींच्या खोलीत पिशवी उशाला घेऊन झोपलेल्या पोरीला ती खोली कुशीसारखी वाटली.

"मग, आवडली असेल तर घे खोली," टूहीबाई म्हणाल्या.

हो! हो! हो! जुसाराचं मन ओरडलं. पण तोंडाला आता सवय लागली होती.

"नको हो, तुम्हाला उगाच त्रास!"

"बरं," टूहीबाई म्हणाल्या. खोलीचं दार बंद झालं.

संपलं! शनिवारी बोचकं आणि रस्ता!

जुसारा वाचली ती केवळ एका गोष्टीमुळे. या देशात "येते" म्हटल्यावर कुणी लगेच जात नाही. दारात "बरं मग, येते हं," "ये हं," झालं. मग पावसाचं झालं. मग शेजारच्या म्हातारीच्या कंबरेचं. मग "येते हं." मग कोण वारलं आणि दफनाला किती गर्दी होती, त्याचं. जुसाराचा एक पाय घरात, एक पायरीवर. आतून टार्टचा वास येऊन तिच्या कोटाचं टोक ओढत होता.

"सांभाळून जा हं, बाळ," टूहीबाई म्हणाल्या.

त्या 'बाळ'ने घात केला.

"मला चहा हवाय!" जुसारा दारातच मोठ्याने रडायला लागली. "टार्ट हवाय! खोली तर हवीच हवी! ओरन म्हणाला, आधी नको म्हणायचं, मग तुम्ही आग्रह करणार! आणि तुम्ही... तुम्ही आग्रहच करत नाही!"

टूहीबाईंनी छातीवर हात ठेवला. "देवा रे! अगं, ओरनच्या आईने काल फोनवर बजावलं मला! म्हणाली, ही परदेशातली पोरं एकदाच बोलतात आणि खरं बोलतात. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. आग्रह करून पोरीला गुदमरवू नकोस! माझा मागचा भाडेकरू, तो जर्मन मुलगा, माझ्या आग्रहाला कंटाळूनच पळाला. जीभ चावून चावून तोंडात जीभ उरली नाही माझ्या! टार्ट झाकायचं तर अगदी जिवावर आलं होतं!"

"मला वाटलं, मी आवडले नाही."

"आणि मला वाटलं, माझा टार्ट आवडला नाही!" टूहीबाईंनी तिला दंडाला धरून आत ओढलं. "म्हणजे तू गबाळी नाहीस?"

"नाही! भांडी मी आरशासारखी घासते!"

"आणि घोरत नाहीस?"

जुसाराने मान खाली घातली. "ते खरंय."

"चालेल. आमचे हे असे घोरायचे, की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. ते गेल्यापासून घर फार गप्प आहे."

मग किटली उकळली. टार्टवरचं फडकं उडालं. खोली जुसाराची झाली. पहिला तुकडा, हो! दुसरा, हो! तिसऱ्याला टूहीबाई सुरी हातात धरून काकुळतीने म्हणाल्या, "एकदा तरी नको म्हण ना गं. माझ्या जिवाला बरं वाटेल."

"नको," जुसारा म्हणाली.

"अगं, घे गं!"

"नको हो, पोट भरलं!"

"घे म्हणते ना! एवढासा तर आहे!"

आणि टूहीबाईंनी तळहाताएवढा तुकडा तिच्या ताटलीत लोटला. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की जणू उपाशी लेकरू एकदाचं जेवलं!

एवढ्यात दार वाजलं. बाकावर पावसात भिजून भिजून ओला टॉवेल झालेला ओरन दात वाजवत आत आला. टार्टचा शेवटचा तुकडा ताटात होता. टूहीबाई त्याला पुसायला फडकं आणायला आत गेल्या होत्या, म्हणून घरची मुलगी या नात्याने जुसारानेच विचारलं, "टार्ट घेणार?"

"छे, नको नको!" ओरन रीतीप्रमाणे म्हणाला, आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत हात चोळू लागला.

"बरं!" म्हणत जुसाराने तो तुकडा तोंडात टाकला.