प्रीतम वाघमारे यांचा जाहीर स्वीकार

लातूरच्या एका कार्यालयात (कोणत्या, ते सांगायला वरून परवानगी लागते) प्रीतम वाघमारे जुन्या फायलींच्या खोलीत नऊ वर्षं बिनतक्रार नोकरी करत होता. दहाव्या वर्षी त्याने अर्ज केला. पुढे जे झालं ते सगळं नियमानुसार झालं, हे आधीच नमूद केलेलं बरं.

प्रीतमला कितीही जुनी फाईल मागा, तो डोळे मिटून कपाट सांगायचा. मात्र कुणाच्या वाढदिवसाला टाळ्या सुरू झाल्या की त्याला कानाशी पत्रा ओढल्यासारखं व्हायचं, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणंच ऐकू यायचं नाही. चौतिसाव्या वर्षी नांदेडच्या समुपदेशक धम्मप्रिया मॅडमनी त्याला याचं नाव सांगितलं, ऑटिझम.

"तुमच्यात दुरुस्त करायसारखं काही न्हाई," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्ती आजूबाजूला लागते. काय काय पाहिजे ते लिहून काढा."

जन्मभर 'जरा माणसांत मिसळ' एवढंच ऐकलेला प्रीतम परतीच्या एसटीत अहमदपूरपर्यंत रडला आणि तिथून पुढे अर्ज लिहीत आला. मागण्या तीन होत्या. खोलीतली ट्यूब सतत गुणगुणते, ती बदलावी. काम तोंडी न सांगता चिठ्ठीवर द्यावं. केक कापायला येण्याची सक्ती नसावी. सोबत मॅडमचं पत्र होतं: यांना बदलू नका, आहेत तसे स्वीकारा.

उद्धवराव साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला, पत्र वाचलं आणि डोळे पुसले. साहेब मनाने फार चांगले होते. सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

"चंद्रप्रभाताई, आपल्यात असा माणूस हाय आन् आपल्याला पत्ताच न्हाई!"

"दिसत तर न्हाई," आस्थापना विभागाच्या चंद्रप्रभाताई म्हणाल्या. "डबा तर चांगला खातो."

त्याच दिवशी अकरा जणांची स्वीकार समिती स्थापन झाली. असल्या नाजूक विषयाला शांत जागा हवी आणि कार्यालयात शांत खोली एकच होती. म्हणून समिती दर सोमवारी आणि गुरुवारी प्रीतमच्या खोलीत बसू लागली. त्याला आवाजाचा त्रास होतो की नाही, यावर तिथे भजी खात दोन-दोन तास कडाक्याचं भांडण चालायचं.

मग परिपत्रक निघालं. प्रत्येक कर्मचाऱ्याने प्रीतमच्या डोळ्यांत बघून रोज एकदा आपुलकीने विचारपूस करावी आणि केल्याची सही करावी. कर्मचारी बेचाळीस होते. अकरा वाजल्यापासून त्याच्या दारात रांग लागायची. पाठोपाठ भावनांची नोंदवही आली. प्रीतमला खोटं लिहिता येत नसे. त्याने पहिल्या दिवशी लिहिलं, 'ट्यूब'.

"ही भावना न्हाई हो," चंद्रप्रभाताई समजुतीने म्हणाल्या. "आनंद लिहा, दुःख लिहा."

"पण मला ट्यूबच होऊन राहिली," प्रीतम म्हणाला.

समितीने याचा अर्थ काढला की माणूस एकटा पडला आहे. त्याचं टेबल उचलून साहेबांच्या केबिनबाहेर, थेट वर्दळीत आणलं गेलं. रिकामी झालेली खोली समितीला मिळाली. आठवड्याभरात सदस्यांचं ट्यूबच्या आवाजाने डोकं दुखू लागलं, तेव्हा ट्यूब दुपारच्या आत बदलली गेली.

एवढ्या प्रेमात एकच माणूस कमी पडला, शिपाई व्यंकटी. नऊ वर्षं तो चहा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि न बोलता जायचा. अजूनही तेच करायचा. सहीच्या कागदावर त्याचा रकाना कोरा दिसला, तेव्हा त्याच्याकडून विचारपूस न केल्याबद्दल लेखी खुलासा मागवण्यात आला.

आता राहिला सत्कार. आपल्याकडे शाल-श्रीफळाशिवाय कुठली गोष्ट झाली असं कुणी मानत नाही, मग स्वीकार तरी कसा झाला असता? मांडव पडला, भोंगे लागले, हलगीवाले आले. धम्मप्रिया मॅडमनी कळवलं होतं: 'हा कार्यक्रम ताबडतोब रद्द करा आणि त्या माणसाला त्याची खोली परत द्या.' हा शुभसंदेश माइकवरून वाचून दाखवण्यात आला आणि त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

फेटा बांधलेल्या प्रीतमने दोन्ही कान झाकले.

"हात खाली घ्या," फोटोग्राफर ओरडला, "चेहरा दिसून न्हाई राहिला!"

साहेबांनी माइक त्याच्या तोंडाशी धरला. प्रीतम म्हणाला, "मला माझी खोली पाहिजे. बाकी काही न्हाई."

"बघा!" साहेबांनी माइक परत आपल्याकडे घेतला. "कधी न बोलणारा माणूस किती मोकळा झाला!"

हलगी पुन्हा सुरू झाली. खाली उतरताना साहेब त्याच्या कानाशी लागले आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "आम्ही एवढं स्वीकारून राहिलो वाघमारे, आन् तुम्ही एकदा हसत न्हाई?"

शनिवारी प्रीतम नांदेडला गेला. "मॅडम, माझ्या अर्जात काही चुकलं का?"

"न्हाई," धम्मप्रिया मॅडम म्हणाल्या. त्यांना त्या अकरा जणांचा राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "तुम्ही तीनच गोष्टी मागितल्या होत्या. तिन्ही समजायला सोप्या होत्या."

सोमवारी चहासोबत टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर एका बंद असलेल्या खोलीची किल्ली आणि एक चिठ्ठी होती. व्यंकटीचं अक्षर वेडंवाकडं होतं. 'दुपारी दोन ते अडीच. ट्यूब न्हाई, खिडकी हाय. मी बोलणार न्हाई.'

तेव्हापासून प्रीतम डबा तिथे खातो. व्यंकटी दुसऱ्या टोकाला बसून आपली भाकरी खातो. अर्धा तास कुणी कुणाची विचारपूस करत नाही. परवा प्रीतम तिथे हसला, आपल्या आपणच.

ही जागा कार्यालयात नेमकी कुठे आहे, ते इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. एव्हाना तुम्हालाही प्रीतमबद्दल आपुलकी वाटू लागली असेल. एकदा जाऊन त्याला भेटावं, दोन शब्द बोलावेत, असं मनात आलं असेल. समितीलाही पहिल्या दिवशी अगदी असंच वाटलं होतं.