सरळ कडांचा अर्ज

आमच्या नातीचा कॉलेजचा अर्ज नुसत्या टाचणीनं जोडून द्यायचा नाही, एवढं एकच मी ठरवलं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही आणि घरात माझ्या शब्दाला पूर्वी जी किंमत होती तीही राहिलेली नाही. (पूर्वीही फारशी नव्हती, असं सून म्हणते. तिचं ऐकू नका.)

मी बाइंडर. एकतीस वर्षं छापखान्याच्या बांधणी खात्यात फर्मे मोडले. फर्मा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठा कागद दोन्ही अंगांनी छापून येतो, तो मोडला, म्हणजे त्याला घड्या घातल्या, की सोळा पानांचा जुडगा होतो, तो फर्मा. असे दहा-बारा फर्मे शिवले की पुस्तक. मला शाळेत कुणी घातलं नाही. वाचायला मी या फर्म्यांवरच शिकले. माझ्या टेबलावर येईल तो फर्मा घडी घालता घालता वाचायचा, एवढीच माझी शाळा. त्यामुळे मला पुष्कळ येतं. फक्त सलग येत नाही. तारे कसे जन्मतात ते मी अजूनही घडाघडा सांगेन. मरतात कसे ते विचारू नका. तो फर्मा शेजारच्या टेबलावर गेला होता.

नात माझ्याच हाताखाली वाढली. तिची आई इस्पितळात नर्स, आज सकाळपाळी तर उद्या दुपारपाळी. बाप बोटीवर, आठ-आठ महिने घराबाहेर. अभ्यास घ्यायला उरले मी, आणि तो मी कंबर कसून घेतला. त्याचा परिणाम तिच्या गुणपत्रिकांवर दिसतो. गणितात सत्त्याण्णव, इतिहासात एक्केचाळीस. भौतिकशास्त्रात एक्क्याण्णव, रसायनशास्त्रात अठ्ठेचाळीस. नववीत वर्गात तिसरी, अकरावीत मागून तिसरी. शाळेच्या बाईंनी एकदा मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, हिचा इतिहासाचा पेपर मी घरी नेऊन दोनदा वाचला. पहिला अर्धा फार सुंदर आहे. पुढचा अर्धा कोरा आहे. असं का?"

मी म्हटलं, "मुलांची लहर."

खरं कारण मला माहीत होतं. मी शिकवलेला इतिहास एकशे अठ्ठाविसाव्या पानावर थांबतो.

असं सगळं असताना पोरीनं प्रवेश परीक्षा दिली आणि शंभरात नव्याण्णव पूर्णांक दोन आणले. टेकडीवरच्या त्या कॉलेजात जागा चाळीस आणि अर्ज हजारांनी. ते लोक परीक्षेचे गुण बघतात, शाळेच्या चार वर्षांच्या गुणपत्रिका बघतात, आणि गुण असमान असले तर त्याचा खुलासा छापील पत्रानं मागतात. परीक्षेचं गुणपत्र मूळच लागतं, झेरॉक्स चालत नाही. दुसरी प्रत मागवली तर तीन आठवडे. अर्जाची शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. दुसरीकडे कुठे तिनं अर्जच केला नव्हता. तिला ताऱ्यांचा अभ्यास करायचा होता आणि तो फक्त तिथेच होता. (ताऱ्यांचं वेड कुणी लावलं, हे मी सांगायला नको.)

गुरुवारी दुपारी तिनं सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि खुलाशाचं पत्र टाइप करून आणायला निघाली.

"आजी, याला हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावू?"

"तू लावतेस म्हणून सांगतेय."

ती गेली आणि मी तो गठ्ठा बघितला. एक गुणपत्रिका लांब, एक आखूड, एक रुंद. शाळेनं दर वर्षी वेगळ्या मापाचा कागद वापरलेला. परीक्षेचं गुणपत्र तर आडवं, सगळ्यांच्या बाहेर चार बोटं डोकावणारं. असला गबाळा गठ्ठा घेऊन माझी नात हजारो पोरांच्या रांगेत उभी राहणार? गुणांचं मला काही करता येत नव्हतं. कडांचं येत होतं.

मी आरी काढली, दोरा काढला, खळ शिजवली. चार टाके घालून शिवण केली, पाठीला कापड लावलं. छापखाना बंद झाला तेव्हा हातानं चालवायचं कापणीयंत्र मी मालकांकडून मागून आणलं होतं. ते गॅलरीत असतं आणि सून त्यावर कपडे वाळत घालते. कपडे बाजूला केले, गठ्ठा पात्याखाली सारला, चाक फिरवून दाबला, आणि तिन्ही कडा एका रेषेत कापल्या. मग पुठ्ठा चढवला. निळा. असं देखणं काम गेल्या दहा वर्षांत माझ्या हातून झालं नव्हतं. कौतुकानं मी दोनदा वास घेतला.

नात आली. दारातच थांबली.

"आजी, हे काय?"

"अर्ज."

"माझे कागद कुठे आहेत?"

"त्याच्यातच आहेत. उघड, सपाट उघडतं. मधे खेचत नाही."

तिनं उघडलं. एकेक पान उलटत गेली आणि आडव्या गुणपत्रावर थांबली. तिचं नाव होतं, क्रमांक होता, केंद्र होतं, विषय होते. एकूण गुणांचा रकाना उजव्या टोकाला असतो. उजवं टोक नव्हतं. अधिकाऱ्याची सही अर्धी होती.

तिनं पुठ्ठा मिटला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आजी, तू माझे नव्याण्णव कापलेस आणि एक्केचाळीस ठेवलेस."

आरडाओरडा केला असता तर मी चार शब्द ऐकवले असते. शांत माणसाला काय ऐकवणार?

आता कात्रणांबद्दल सांगते. कापणीत निघालेली पट्टी मी टाकत नाही. लिहायला मी त्याच पट्ट्यांवर शिकले. पाटी आणून देणारं कुणी नव्हतं. एकतीस वर्षांच्या पट्ट्या पलंगाखाली तीन पोत्यांत आहेत. ताजं कात्रण मी कुठल्या पोत्यात टाकलं ते आठवेना. आम्ही दोघींनी तिन्ही पोती दिवाणखान्यात ओतली. सून पाळीवरून आली, तिनं दारातून तो पांढरा ढीग पाहिला आणि पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "आई, काय शोधताय?"

"तुझ्या मुलीचे गुण," मी म्हटलं.

"नेहमीसारखेच हरवलेत म्हणायचे," ती म्हणाली आणि पदर खोचून खाली बसली. (ही नर्स आहे. माणूस मरायला टेकलं तरी हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.)

शुक्रवार दुपारपर्यंत आम्ही पट्ट्या चाळल्या. नातीनं दोनचा ठोका ऐकला आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ बघून मला कळलं, या पोरीनं आशा सोडली. मी छापखान्याच्या मालकाला तोंडावर मूर्ख म्हटलेलं आहे, संप केलेला आहे, नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी कामावर हजर झालेली आहे. पण त्या पाठीपुढे माझा टिकाव लागेना. रडायला म्हणून मी चष्मा काढला, तो ठेवायला डबी उघडली, आणि डबीत घडी करून ठेवलेली पट्टी होती. नव्याण्णव पूर्णांक दोन. शेजारी उरलेली अर्धी सही.

मग आठवलं. गुरुवारी कापणी झाल्यावर मी त्या पट्टीच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं होतं आणि सवयीनं ती डबीत ठेवली होती. काय लिहिलं होतं तेही आठवलं, आणि मी पट्टी मुठीत घट्ट धरली.

"सापडली?" सून म्हणाली.

"सापडली. मीच धरते. तुमच्या हातून फाटेल."

कॉलेजात पोचायला चार वाजून गेले. खिडकीवर एक बाई बसल्या होत्या, नाकावर चष्मा, हातात शिक्का. त्यांनी माझं निळं काम उलटंपालटं केलं.

"हे काय आहे? पुस्तक?"

"अर्ज आहे. सपाट उघडतो."

"आजी, आम्हाला सुटे कागद लागतात. पाच जणांच्या समितीत वाटायचे असतात." असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि माझी शिवण माझ्या डोळ्यांदेखत उसवली. टाका टाका. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पुठ्ठा त्यांनी टोपलीत टाकला.

नातीनं खुलाशाचं पत्र वर ठेवलं. दोनच ओळी होत्या. मी खिडकीच्या अलीकडे होते, पत्र पलीकडे, पण उलटा कागद वाचणं हा आमचा धंदाच. तिनं लिहिलं होतं: 'माझे गुण असमान आहेत. मला ज्यांनी शिकवलं त्या फार हुशार आहेत, पण त्यांना सगळे फर्मे मिळाले नाहीत.'

हे वाचून मी जरा बाजूला बघितलं. चष्मा पुसला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मूळ गुणपत्र अपुरं आहे."

मी पट्टी पुढे केली. बाईंनी ती गुणपत्राला लावून बघितली. सांधा असा बसला की त्यांनाच शोधावा लागला. (पात्याला मी स्वतः धार लावलेली होती.) "सही जुळते," त्या म्हणाल्या. "मागून चिकटवा." मी पिशवीतून खळ आणि पातळ कागद काढला आणि मागून नाजूक सांधा केला. बाईंनी शिक्का मारायला कागद उलटा केला आणि पट्टीवरचा मजकूर दिसला. मी लपवायला हात पुढे करीपर्यंत त्या मोठ्यानं वाचायला लागल्या होत्या.

"'समग्र मूल्यमापन. अर्हता. बहुविद्याशाखीय. याचे अर्थ येत नाहीत. कुणाला विचारायचं नाही.'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे कुणी लिहिलं?"

कॉलेजच्या माहितीपत्रकातले शब्द होते ते. मला न येणारा शब्द मी पट्टीवर टिपते आणि गुपचूप कोशात बघते. घरात हे तोपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मला सगळं येतं, असाच घरात समज होता. मागे रांगेत पंधरा-वीस आईबाप उभे होते. त्यांतले दोघे-तिघे हसले.

"मुलीनं," मी म्हटलं.

नातीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग बाईंकडे बघून मान हलवली.

"मूळ कागदावरचं खोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "असंच समितीपुढे जाईल." आणि शिक्का मारला. पाचला सात मिनिटं होती.

आम्ही दोघी उतारावरून परत निघालो.

"आजी, अर्हता म्हणजे पात्रता."

"माहीत होतं."

"बहुविद्याशाखीय म्हणजे..."

"तू पुढे बघून चाल. ठेच लागेल."

त्यानंतरचे पाच आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. नव्याण्णव गुणांच्या मुलीला मीच अडाणी ठरवून आले होते, तेही शिक्क्यासकट. रोज वाटे, उठावं, टेकडी चढावी, खिडकीवर जाऊन सांगावं की बाई, ती यादी माझी. एकदा अर्ध्या चढापर्यंत गेले. गुडघे दुखले म्हणून परतले, असं मी घरी सांगितलं. गुडघे ठणठणीत होते.

मग पत्र आलं. नातीनं उभ्या उभ्या वाचलं. 'अर्जदाराचे शालेय गुण फार असमान आहेत. तथापि, आपल्याला काय येत नाही याची यादी स्वतःहून जोडणारी ही एकमेव अर्जदार आहे. समितीने एकमताने तात्पुरता प्रवेश मंजूर केला आहे.'

सून चक्क खुर्चीत बसली. मी म्हटलं, "बघितलंत? माझी यादी."

"खाली अजून आहे," नात म्हणाली. 'पट्टीवरील मजकूर पाहता अर्जदाराचे हस्ताक्षर व मांडणी अत्यंत कच्ची दिसते. पहिल्या सहामाहीत पायाभूत लेखनवर्ग सक्तीचा राहील. प्रत्येक निबंध स्वतःच्या हाताने लिहून आणावा. सहामाहीअखेर सरासरी दहापैकी किमान पाच गुण न मिळाल्यास प्रवेश रद्द होईल.'

मी उठले. "कच्ची? एकतीस वर्षं..."

"आजी, बस," नात म्हणाली. "माझं अक्षर त्यांनी बघितलं तर पट्टी कुणाची ते विचारतील. तू खोटं बोललीस ते बाहेर येईल. प्रवेश जाईल."

"मग?"

"मग काय. अक्षर तुझं, निबंधही तुझे."

"तुमच्या वतीनं मी विचारीन तिला," सून म्हणाली, "आई, तुम्हाला काही अडलं तर."

"मला काही अडत नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी मी टेबलाशी बसते. कोरा, चौकोनी, न कापलेला कागद समोर असतो. नात शेजारी येऊन उभी राहते आणि विचारते, "आजी, काही सांगू?" मी नको म्हणते. कापणीयंत्रावर पुन्हा कपडे वाळत असतात.

परवा पहिला निबंध तपासून आला. विषय त्यांनीच दिला होता, 'ताऱ्यांचा जन्म आणि मृत्यू'. दहापैकी चार. खाली लाल शाईत शेरा आहे: 'जन्म फार सुंदर. मृत्यू लिहायचा राहिला.'