पाणी : सौजन्य आमोद गद्रे

नारायण पेठेतल्या एका सहकारी इमारतीत राहणारे निवृत्त विमा कर्मचारी श्री. गोपाळकृष्ण वर्तक यांना समकालीन कलावंत म्हणून शोधून काढण्यात आले आहे. मात्र तसे काहीही घडलेले नाही, असे समजून पुढचा मजकूर वाचावा. श्री. वर्तक स्वतःही तसेच समजून चालले आहेत, परंतु त्यात त्यांना अद्याप यश आलेले नाही.

वर्तकांच्या झोपायच्या खोलीचे छत गळत होते. त्या छताच्या बरोबर वर आमोद गद्रे यांचे न्हाणीघर होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे वर्तकांचे मत होते, गद्र्यांचे नव्हते. आमोद हिंजवडीच्या एका मोठ्या आयटी कंपनीत टीम लीडर होता आणि पुराव्याशिवाय काही मान्य करायचे नाही, ही कामावरची शिस्त त्याने घरीही पाळली होती.

"काका, आमच्या बाथरूमला इटालियन टाइल्स आहेत," तो जिन्यात सांगे.

"असतील. पाणी मात्र खडकवासल्याचंच येतंय खाली."

"पण ते आमचंच कशावरून?"

"तुमचं गाणं सुरू झालं की पाठोपाठ गळायला लागतं. गाणं संपलं की थोड्या वेळानं थांबतं."

"कोइन्सिडन्स असेल."

"रोजचा?"

वर्तकांनी अखेर एक तोडगा सुचवला. गद्र्यांनी न्हाणीघरात बादलीभर निळीचे पाणी ओतावे. खाली निळे पाणी टपकले तर गळती गद्र्यांची. न टपकल्यास वर्तक वर येऊन माफी मागतील. हा प्रकार आपल्या प्रायव्हसीत ढवळाढवळ करणारा असल्याचे सांगून आमोदने तो फेटाळला. सोसायटीचे सचिव बापूराव शितोळे यांच्याकडे तक्रार गेली, तेव्हा त्यांनी सभेत ठराव करून घेतला की, गळती ही वरच्या आणि खालच्या सभासदांमधली कौटुंबिक बाब असून सोसायटीचा संबंध फक्त बाहेरच्या पावसाशी येतो.

ओलीमुळे श्यामलाबाई वर्तकांचा खोकला हटेना. म्हणून त्यांचे अंथरूण स्वयंपाकघरात हलवण्यात आले. तिथे डोके मिक्सरकडे केले तर पाय गॅसच्या सिलिंडरला लागत आणि पाय आवरले तर डोके फ्रिजच्या दारात येई. मुलगा कॅनडात स्थिरावला होता, चारधाम झाले होते. कोरड्या छताखाली, आपल्या स्वतःच्या पलंगावर पाठ टेकावी, यापलीकडे श्यामलाबाईंची आयुष्याकडून कसलीही मागणी राहिलेली नव्हती.

दरम्यान वर्तकांनी पाण्याची सोय लावली. पंख्याच्या हुकाला जुनी छत्री उलटी टांगली. तिच्या तळाला भोक पाडून सायकलची ट्यूब जोडली. छत्रीत न मावणाऱ्या पाण्यासाठी दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या शिवून त्यांची पन्हळ केली आणि ती श्यामलाबाईंच्या एका विटक्या पातळाच्या काठाने खिडकीच्या गजाला बांधली. खाली तपेली, डालड्याचा डबा आणि बादली. तपेलीत टण्, डब्यात टप्, बादलीत डुब्. तीन वर्षे हे असेच चालू होते आणि ते पाहायला वरून कोणीही खाली आले नव्हते.

मग आमोदच्या कंपनीने संस्कृतीकडे लक्ष देण्याचे ठरवले.

प्रत्येक टीम लीडरने, विविध माध्यमे व साहित्य हाताळणारा किमान एक समकालीन कलावंत तिमाही संपण्यापूर्वी शोधून काढावा, असा आदेश निघाला. न शोधल्यास वार्षिक मूल्यमापनात 'अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा मिळणार होता. आमोदच्या टीममधल्या चौघांनी वारली चित्रे काढणाऱ्या आपापल्या आत्या पुढे केल्या. चारही आत्या एकाच माध्यमात अडकलेल्या असल्याने बाद झाल्या. ज्याचे प्रमोशन दारात येऊन थांबले आहे, असा माणूस जसा दिसतो, तसा आमोद दिसू लागला.

अशातच त्याचा टॉवेल खाली वर्तकांच्या गॅलरीत पडला. गॅलरीत जायचा रस्ता झोपायच्या खोलीतून होता. टॉवेल आणायला म्हणून आमोद त्या खोलीत शिरला आणि जागीच उभा राहिला.

"काका, हे सगळं तुम्ही केलंत?"

"नाही, तुम्ही केलंत. मी फक्त खाली बादली लावली."

"ग्रेट! म्हणजे, काय बोलावं..."

"'उद्या प्लंबर पाठवतो' असं बोलावं."

पण आमोद तोवर छत्रीचे फोटो काढू लागला होता. टॉवेल तो तिथेच विसरला.

चौथ्या दिवशी कंपनीच्या कला-सल्लागार पूर्णिमा आल्या. त्यांच्या कानांत सायकलच्या चेनच्या कड्या होत्या. त्या बराच वेळ डोळे मिटून टण्-टप्-डुब् ऐकत राहिल्या.

"सर, तुमचं माध्यम कोणतं म्हणता येईल?"

"बादली."

"आणि संकल्पना?"

"गळतंय."

"व्वा!" पूर्णिमांनी ते लिहून घेतले. "किती नेमकं! यात एक प्रतिकार आहे. नागरी जगण्यातलं झिरपणं आहे."

"अहो बाई, जरा अलीकडे या," श्यामलाबाई चहाचा ट्रे घेऊन म्हणाल्या. "तिथं अंगावर पडतं."

"पडू दे ना, काकू. तोच तर अनुभव आहे."

"तो अनुभव आम्ही घेतलाय. चहात साखर किती?"

कलाकृतीशेजारी लावायची पाटी तयार झाली, तेव्हा पेच पडला. पाटीवर साहित्य लिहायचे होते : छत्री, ट्यूब, दुधाच्या पिशव्या, पातळ, तपेली, डबा, बादली, पाणी. आमोदने ती पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. कंपनीच्या मूल्यमापनात शोधणाऱ्याला एक गुण होता. सहकलावंताला पाच होते.

"पूर्णिमा मॅडम, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "पाणी माझं आहे."

वर्तक खुर्चीतून उठले. "काय म्हणालात?"

"पाणी आमचं आहे, काका. आमच्या बाथरूममधून येतं. पहिल्या दिवसापासून."

"थांबा. एक मिनिट तसेच थांबा." वर्तक जिन्यात धावले आणि बापूरावांना बनियनवरच खाली घेऊन आले. "आता यांच्यासमोर म्हणा."

आमोद बापूरावांसमोर म्हणाला. पूर्णिमांना शंका दिसताच तो स्वतःहून वर गेला, बादलीभर निळीचे पाणी न्हाणीघरात ओतून आला आणि सर्वांनी माना वर केल्या. थोड्या वेळाने छत्रीच्या काठावर निळा थेंब जमला, लोंबला आणि तपेलीत पडला.

टण्.

"पाहिलंत?" आमोद अभिमानाने म्हणाला. "प्युअर माझं आहे."

वर्तकांच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढे मात्र त्यांचे स्वतःचे होते. "श्यामला, ऐकलंस ना? कबूल केलं यांनी! गद्रेसाहेब, झालं गेलं विसरून जाऊ. फोडा आता त्या टाइल्स आणि दुरुस्त करून टाका."

वर्तक काहीतरी असभ्य बोलले आहेत, असे सर्वांच्या चेहऱ्यावर होते.

"दुरुस्त?" पूर्णिमा हळू आवाजात म्हणाल्या. "सर, याला आता कृतीत हस्तक्षेप म्हणतात."

"काका, मी पण आता आर्टिस्ट आहे," आमोद म्हणाला. "इतके दिवस तुमच्या कामात मी कधी ढवळाढवळ केली का? मग माझ्या कामात तुम्ही करू नका."

पाटी लागली. शेवटची ओळ होती : 'पाणी : सौजन्य आमोद गद्रे'. हिंजवडीहून शनिवारी गाड्या भरून कर्मचारी येऊ लागले. त्यांच्या सोयीसाठी आमोद शनिवारी दुपारपर्यंत थांबून अंघोळ करू लागला. चपलांचा ढीग वर्तकांच्या दारातून जिन्यापर्यंत पोचला. काही प्रेक्षक स्वयंपाकघरात डोकावून, "हे अंथरूण पण त्यातलंच का?" असे विचारत.

इमारतीत असंतोष पसरला. ज्यांचे छत गळत नव्हते, त्यांना डावलल्यासारखे वाटू लागले. बापूरावांनी तातडीची सभा बोलावली. इमारतीतली कोणतीही गळती सोसायटीच्या पूर्वपरवानगीशिवाय थांबवू नये आणि प्रत्येक सभासदाला गळतीचा समान हक्क असावा, असे दोन ठराव मंजूर झाले. विरोधात वर्तकांचे एकच मत पडले. ते कलावंताचा विनय म्हणून बाजूला ठेवण्यात आले. बापूराव स्वतः सर्वांत वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी गच्चीवरच्या टाकीखाली छिन्नीने आपली सोय आपण करून घेतली.

मग प्रमोशन मिळाले आणि आमोद काही आठवड्यांसाठी सहकुटुंब अमेरिकेला गेला. न्हाणीघर बंद झाले. टण् थांबले, टप् थांबले, डुब्ही थांबले. छत हळूहळू सुकले. वर्तकांनी पलंग पुसला, गादीला ऊन दाखवले आणि बादली बाजूला सरकवली.

"अहो, झोपू ना?" श्यामलाबाईंनी दोनदा विचारले.

"झोप गं बिनधास्त. कुणी नाहीये वर."

दुपारचे जेवण उरकून श्यामलाबाई आपल्या पलंगावर आडव्या झाल्या. दोन्ही पाय सरळ केले, ते कशालाही लागले नाहीत. त्या लगेच झोपल्या. त्या खोकल्याशिवाय झोपल्या आहेत, हे बघत वर्तक दारात उभे राहिले.

तो शनिवार होता. प्रेक्षक आले, त्यांना छत्री कोरडी दिसली आणि त्यांनी पूर्णिमांना विचारले. पूर्णिमांनी बापूरावांना विचारले. बापूरावांकडे गद्र्यांची जादा किल्ली होती. कलाकृती बंद ठेवणे ठरावाचा भंग असल्याने त्यांनी वर जाऊन सगळे नळ सोडले आणि शंका नको म्हणून नीळही घातली.

वर्तक "नको, नको" म्हणत जिन्याकडे धावेपर्यंत पहिला थेंब श्यामलाबाईंच्या कपाळावर पडला होता.

त्या दचकून उठून बसल्या. कपाळावरून नाकापर्यंत निळा ओघळ आला होता. खोलीभर टाळ्या पडल्या.

"आता यात माणूस आला!" पूर्णिमा भारावून म्हणाल्या. त्यांनी पाटी मागवली आणि साहित्याच्या यादीत बादलीच्या पुढे 'पत्नी' असा शब्द वाढवला. श्यामलाबाईंनी पदराने कपाळ पुसले. मग उशी उचलली आणि कोणाकडे न पाहता त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्याच संध्याकाळी वर्तकांनी कंपनीकडे अर्ज केला : 'मला शोधून काढण्यात आले नव्हते, असे घोषित करून मला पूर्ववत हरवलेल्या स्थितीत ठेवावे.' कंपनीने तो अर्ज चौकटीत घालून छत्रीशेजारी टांगला. कागद हे एक माध्यम त्यांच्याकडे कमी होते.

तरी वरील मजकूर वाचून ज्यांना हसू आले असेल, त्या सर्वांस विनंती की, आपल्या न्हाणीघराच्या खाली जे कोणी राहतात, त्यांच्याकडे उद्या सकाळी अंघोळीपूर्वी समक्ष जावे, चपला बाहेर काढाव्यात आणि त्यांच्या छताकडे एकदा मान वर करून पाहावे. त्यासाठी टॉवेल पडण्याची वाट पाहू नये.