जळगावचे फायदे आणि मोघे सर

त्या सोमवारी मीटिंगमध्ये हितेंद्र गप्प बसला असता, तर आज सुखात झोपला असता. पण गप्प बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं.

पुण्यातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड मोडून हितेंद्र आणि डिंपल दिवाळीनंतर जळगावला राहायला आले होते. कंपनी पुण्याची, काम लॅपटॉपवर. तो कुठे उघडलाय हे लॅपटॉपला थोडंच कळतं? हितेंद्रचे वडील मूळचे भडगावचे, डिंपल चोपड्याची, त्यामुळे 'आपल्या मातीत परत आलो' असं म्हणायचीही सोय होती. (हितेंद्रचा मातीशी संबंध कुंडीपुरता होता, ही गोष्ट वेगळी.) पुण्यात जेवढ्या भाड्यात गाडी उभी करायला जागा मिळाली असती, तेवढ्यात इथे प्रशस्त घर मिळालं, वर अंगण आणि अंगणात लिंबाचं झाड. भाजी ताजी. केळी तर विकत घ्यायची वेळच यायची नाही, कुणी ना कुणी फणीच्या फणी दारात ठेवून जायचं.

पण खरा फायदा हितेंद्रने कुणाला सांगितला नव्हता. तो असा, की त्याचे साहेब मोघे सर पुण्यात होते आणि जळगावात नव्हते. दुपारी जेवण झालं की हितेंद्र मेसेज टाकायचा, 'सर, इकडे नेट फार स्लो आहे, व्हिडिओ बंद ठेवतो,' आणि गोधडी ओढून मीटिंगला हजर राहायचा. नेट खरं म्हणजे इतकं झकास होतं, की घरमालक सुपडू आबांना त्यांच्या कॅनडातल्या मुलाचा कुत्रा भुंकलेलासुद्धा स्पष्ट ऐकू यायचा. आबा शेजारच्याच घरात राहायचे.

तर त्या सोमवारी पुण्यातल्या कुणीतरी ट्रॅफिकचं रडगाणं सुरू केलं आणि हितेंद्रला चेव आला. तो जळगावच्या स्वस्ताईवर बोलला, हवेवर बोलला, शेवभाजीवर तर अंमळ जास्तच बोलला. मोघे सरांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"शनिवारी येतो मी," ते म्हणाले. "मिसेस लेकीकडे सिंगापूरला आहेत, मी इथे डबा खाऊन कंटाळलोय. आवडलं तर मीही विचार करीन म्हणतो."

"या ना सर," हितेंद्र म्हणाला. त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता.

सर इथे राहायला आले तर दुपारच्या झोपेचं काय होणार, या विचाराने तो झोपेतून दचकून उठला. (म्हणजे दुपारच्याच.)

"मे महिन्यात आले असते तर प्रश्नच नव्हता," तो डिंपलला म्हणाला. "स्टेशनवरूनच परत गेले असते."

"आता थंडी आहे. आता काय करणार?"

"भरीत."

"भरीत खाऊन कधी कोणी पळून गेलंय?"

"ते मिरच्यांवर आहे," हितेंद्र म्हणाला आणि शेजारी गेला.

सुपडू आबांच्या पत्नी बेबाबाईंचं भरीत अख्ख्या गल्लीत नावाजलेलं. "अक्का, शनिवारी साहेब येताहेत," तो म्हणाला. "त्यांना तिखट म्हणजे जीव की प्राण. हात सैल सोडून मिरच्या घाला."

"पुनाना मानूस आनि तिखट?" बेबाबाईंचा विश्वास बसेना.

आता इथे थांबायला हवं होतं. पण हितेंद्रला पुराव्याची गरज वाटली. "अहो, आम्ही दोघंही तसेच. डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय मला जेवल्यासारखंच वाटत नाही."

शनिवारी हितेंद्र मुद्दाम उशिरा स्टेशनवर गेला, तर सुपडू आबा सरांची बॅग हातात घेऊन बाहेर येत होते. फलाटावर नाकाला रुमाल लावून उतरलेला माणूस पुण्याचाच, एवढं आबांना कळत होतं.

"आबा, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"तरास कसाना? पाव्हना बठ्ठी गल्लीना ऱ्हास, भाऊ."

आणि पाहुणा सगळ्या गल्लीचा, हे गल्लीने मनावर घेतलं. कुणी पोहे आणले, कुणी दूध. दुपारी आबांच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटल्या, त्यांत भरताची पोपटी वांगी भाजली गेली. सरांच्या हातात मुसळ दिलं, लाकडी बडगीत वांगी ठेचायला लावली. पुण्यात स्वतःचा चहाचा कप न उचलणारा माणूस बाह्या सरसावून ठेचत होता आणि बायका त्याला शाबासकी देत होत्या. हितेंद्र मनातून म्हणत होता, ठेचा सर, ठेचा, शेवटचंच आहे.

दिवेलागणीला केळीच्या पानांवर पंगत बसली. बेबाबाईंनी सरांना मोठ्या पातेल्यातून वाढलं. हितेंद्रच्या पानाशी मात्र त्या एक लहान वाटी घेऊन आल्या.

"साहेबना तोंडनी काळजी वाटनी माले, म्हनीसन तेस्नं बेताचं करं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमनासाठे येगळं शे. पोटभर खा."

यजमानाने पहिला घास घ्यायचा म्हणून सगळी पंगत त्याच्याकडे बघत थांबली होती. हितेंद्रने घास घेतला. पुढची काही मिनिटं त्याला आपले कान कुठे संपतात आणि डोकं कुठे सुरू होतं, ते कळेना.

"अप्रतिम," सर म्हणाले. "हितेंद्र, तू रडतोयस?"

"भरून आलं, सर," एवढंच तो म्हणू शकला. सरांनाही भरून आलं. ऑफिसात त्यांना बघून आजवर कुणी असं रडलं नव्हतं.

"इथे राहायला मिळालं तर काय हवं?" सर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत म्हणाले. "पण नेटचा प्रॉब्लेम आहे ना तुमच्याकडे."

सुपडू आबांचा हात घासासकट थांबला. "कोन म्हने?"

सरांनी हितेंद्रकडे बोट दाखवलं. हितेंद्रला खुलासा करायचा होता, पण जीभ हलत नव्हती आणि बेबाबाई वाटीतलं उरलेलं पानात ओतत होत्या. आबांनी तिथल्या तिथे कॅनडाला फोन लावला. लेक, सून, नातू आणि कुत्रा, सगळे जण सरांना नमस्कार करून गेले. चित्र एकदाही अडकलं नाही.

"दखा साहेब. आनि भाऊना वरना मजला रिकामाच शे. कवय येतस?"

महिनाअखेरीस सर सामानासकट वर राहायला आले. हितेंद्र दुपारभर इस्त्रीच्या शर्टात, कॅमेऱ्यासमोर ताठ बसू लागला. डोळे मिटायची सोय नव्हती. जिन्यावर पाऊल वाजलं की तो आपोआप टाइप करायचा.

पंधरवडा गेला. सरांचं दुपारचं जेवण बेबाबाईंकडे ठरलं होतं आणि भाकरी मोजून वाढणं बाईंना माहीत नव्हतं. एक दिवस सर जेवून आले, जिन्यात थांबले आणि जड आवाजात म्हणाले, "हितेंद्र, दुपारची मीटिंग आजपासून तू घेत जा. तुझ्यात लीडरशिप आहे."

हितेंद्रची छाती फुगली. त्याने मीटिंग सुरू केली, पुण्यातल्या सगळ्यांना कॅमेरे चालू करायला लावले आणि प्रथमच साहेबी आवाजात बोलू लागला. पाचच मिनिटांत डिंपल स्वयंपाकघरातून आली आणि तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "वर सर झोपलेत."