बंदरावर रंगवलेली गाडी

गाडीला रंग लावायचं ठरलं तेव्हा नाना शिवलकर गॅरेजात गेले नाहीत, मिरकरवाडा बंदरावर गेले. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांची रंगरंगोटी चालते. दोन बोटींच्या मधे नानांनी आपली राखाडी गाडी नेऊन लावली आणि बोटी रंगवणाऱ्या रफिकला म्हणाले, "डब्यात उरेल तो रंग हिला मार."

नाना आमचे शेजारी. सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन चांगली, माडांचं उत्पन्न वेगळं. तरी खिशात हात घालताना या गृहस्थाच्या चेहऱ्यावर दाढ उपटल्याची कळा येते. वायपर फक्त पावसात, एरवी ते कपाटात. उतार आला की इंजिन बंद. हॉर्नने बॅटरी उतरते म्हणून खिडकीतून हात काढून दार बडवतात. कोणी हटकलं तर उत्तर ठरलेलं: "गाडीला काय कळतंय, मेल्या?"

मला या काटकसरीची चीड आहे. स्वतःच्या पोटाला चिमटा घेणाऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण नाना चिमटा दुसऱ्याला घेतात. दुकानातली छापील किंमत मुकाट मोजायची आणि घाम गाळणाऱ्या माणसाशी मात्र घासाघीस करायची, असा जो वर्ग आपल्याकडे आहे, त्याचे नाना बिनविरोध अध्यक्ष. गॅरेजवाल्याने बिचाऱ्याने पत्रा ठोकणं, पोच्यांत लांबी भरणं, पॉलिश पेपर मारणं असं सगळं समजावून सांगितलं, तर नाना म्हणाले, "गाडी रंगवतोस की तिचं लग्न लावतोस?"

कारण मात्र त्यांनी बायकोचं पुढे केलं होतं. शालिनीकाकू निवृत्त मुख्याध्यापिका. एके काळी त्या नुसत्या व्हरांड्यात आल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचे. दर आठवड्याचा बाजार स्वतः करणाऱ्या या बाई गेलं वर्षभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. नाना गल्लीभर सांगत फिरायचे, "गाडीला रंग लागू दे, मग येते की नाही बघा बाजारात."

म्हणजे बाई घरात बसली ती गाडी जुनाट दिसते म्हणून, आणि तिला बाहेर काढायचं तेही बोटीच्या उरलेल्या रंगात! मी तोंडावर म्हटलं, "नाना, काकूंसाठीच करताय तर निदान धड तरी करा."

"तू निषेधाची पत्रकं काढ," नाना म्हणाले. "रंगाचं मी बघतो."

रफिकचा हात बोटींवर बसलेला. त्याने गाडीही बोटीसारखीच रंगवली. वर भडक नारिंगी, मधे पांढरा पट्टा आणि पट्ट्याखाली बोटीच्या बुडाला लावतात तो तांबडा रंग.

"हे खालचं काय रे?" नानांनी विचारलं.

"पाण्यातला भाग, नाना. शेवाळ धरायचं नाय."

"अरे, ही रस्त्यावर चालते!"

"मग पावसात आपल्या रस्त्यावर काय असतंय?"

रफिकने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि विचारलं, "नाव काय घालू?" बोटीला नाव लागतंच.

"नंबर आहे तेवढा पुरे!" नाना ओरडले.

पावसाळी हवेत रंग वाळता वाळेना. तोवर बॉनेटला कोंबडीचं पीस चिकटलं, टपावर डासांचं संमेलन भरलं आणि डाव्या दारावर मांजराच्या पंजांची नक्षी कायमची उमटली. घरी आणल्यावर, बंदरावरून अंगाला लागून आलेल्या सुकटीच्या वासाने गल्लीतली उरलेली मांजरंही गाडीखाली मुक्कामाला आली. मी म्हटलं, "आता आरटीओत रंग बदलल्याची नोंद करा." तर ती नाना आधीच रीतसर करून आले होते.

"राखाडीच मारला असता तर हाही खटाटोप वाचला असता," मी म्हणालो.

"राखाडी नको," एवढंच बोलून ते आत गेले.

मागच्या आठवड्यात मी बाजाराकडे निघालो होतो. नानांनी दार बडवून मला थांबवलं. "बस मागे." पुढच्या सीटवर खरंच काकू होत्या. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी.

बाजारापाशी गाड्यांची रांग लागलेली. पांढऱ्या, करड्या, रुपेरी. नानांनी आपली गाडी त्यांच्यात घुसवली. काकू एकट्याच उतरल्या, हळूहळू समोरच्या दुकानात गेल्या. नाना जागचे हलले नाहीत.

माझं डोकं भडकलं. "बायको ओझी वाहणार आणि तुम्ही बसून राहणार?" मी दाराला हात घातला, तशी नानांनी मागे वळून माझं मनगट धरलं.

"उतरू नकोस."

"का?"

"नजर गेलीय तिची. पांढरं, राखाडी, सगळं धुकं दिसतं. गेल्या वर्षी इथेच दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसली. तो माणूस अंगावर ओरडला, लोक जमले. त्यानंतर तिने उंबरा ओलांडला नाही."

"मग हात धरून न्यायचं, आणायचं."

"मुख्याध्यापिका आहे ती," नाना म्हणाले. "चारचौघांत हात धरलेला चालेल तिला?" समोरच्या दुकानाकडे बघत ते पुढे म्हणाले, "धुक्यात लांबून दिसावी म्हणून बोटीला असले रंग लावतात. गॅरेजवाल्याकडे असला रंग नाही. विचारला मी."

काकू दुकानाच्या पायरीवर आल्या आणि थांबल्या. त्यांची मान रांगेवरून सावकाश फिरू लागली. मधेच एक रिक्षा आडवी आली, गेली. नानांनी बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

काकूंची मान एका जागी ठरली. मग त्या निघाल्या. ताठ, कोणाला न विचारता, थेट आमच्याकडे. दार उघडून आत बसल्या.

"अहो, काय हा भडक रंग! डोळ्यांत खुपतो नुसता."

"खुपू दे," नाना म्हणाले. तोंड खिडकीकडे फिरवून त्यांनी किल्ली चाचपली, पण बराच वेळ गाडी काही चालू केली नाही.