लांजेवारांची शांतता

लांजेवार काकांनी 'श्शऽऽ' केलं की नवखा श्रोता आधी खुर्चीखाली वाकून बघतो. त्याला वाटतं, कुठंतरी गॅस गळतोय. जुने श्रोते वाकत नाहीत. चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसून काका भिलाईतल्या शास्त्रीय संगीताचं रक्षण करताहेत, हे त्यांना माहीत असतं.

हे काम काकांना कोणी दिलेलं नाही. आमच्या छोट्याशा संगीत मंडळाचा मी सचिव आहे. म्हणजे सतरंज्या मोजणं, तबलजीला स्टेशनवरून आणणं आणि मोकळ्या खुर्च्यांकडे बघून 'यंदा प्रतिसाद छान आहे' असं म्हणणं ही कामं माझ्याकडे आहेत. रक्षणाचं खातं आमच्याकडे नव्हतंच. ते काकांनी स्वतःच उघडलं.

त्याची गरज नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. आमचे श्रोते गुणी आहेत. एक गृहस्थ पुढच्याच्या खुर्चीच्या पाठीवर ताल धरतात, आणि तो कधीच त्या वेळी वाजत असलेला ताल नसतो. सिविक सेंटरच्या बाजारात भाजी घेताना अर्धवट राहिलेल्या गप्पा दोन बहिणी विलंबितात पूर्ण करतात. एक साहेब दरवर्षी न चुकता उभे राहून 'कुछ फिल्मी हो जाए' अशी फर्माईश करतात आणि गाणारा हसला की आपल्या रसिकतेला दाद मिळाली असं समजून बसतात. अशा सगळ्यांवर काकांची नजर असते.

काका इथल्या स्टील प्लांटमध्ये सेफ्टी विभागात होते. सगळी नोकरी लोकांना हेल्मेट घालायला लावण्यात गेली. तिथलं त्यांचं लाडकं वाक्य होतं, "अ‍ॅक्सिडेंट होत नाही जी, होऊ दिल्या जाते." रिटायर झाल्यावर त्यांनी तेच वाक्य आमच्याकडे आणलं. "खोकला येत नाही जी, येऊ दिल्या जाते." कोणी ठसकलं की पाठीमागून हे ऐकू यायचं, तेही अशा आवाजात की तानपुरा बिचारा दबून जावा.

नुसतं बोलून थांबतील तर ते सेफ्टीवाले कसले! त्यांनी उपाय काढला. खोकणाऱ्यांना वाटायला ते खोकल्याच्या गोळ्या आणू लागले. एका सतारवादनात त्यांनी सहा जणांना गोळ्या दिल्या आणि सहा जणांनी मिळून ते कडक कागद सोडवले. सतारवाल्यांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं. पुढच्या वेळी काका घरूनच कागद काढून, गोळ्या स्टीलच्या डबीत भरून घेऊन आले. डबीचं झाकण घट्ट होतं. ते उघडलं तेव्हा तबलजी समेवर आधी पोचल्यासारखा दचकला.

मोबाईल हा तर त्यांचा खास शत्रू. कोणाचा वाजला की काका रांगेतून, लोकांच्या पायांवरून, गुडघे ओलांडत त्या माणसापर्यंत जात. तोवर फोन बंद झालेला असे. मग ते त्याच्या कानाशी वाकून विचारत, "हा बजार होय का जी?" हा प्रश्न स्टेजपर्यंत ऐकू जाई. गंमत म्हणजे इतकं सगळं करून हा माणूस गाण्याबद्दल कधी चकार शब्द बोलायचा नाही. ना 'वाह', ना मान हलवणं. कार्यक्रम संपल्यावर मी एकदा विचारलं, "काका, कसं वाटलं?" ते म्हणाले, "सातदा डिस्टर्ब झालं. मागच्या टायमाले अकरा होतं. सुधारणा आहे."

कडेलोट झाला तो गेल्या हिवाळ्यात. नागपूरच्या एका नामवंत गायिका आल्या होत्या. त्यांची गाडी दुर्गच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकली, कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, तरी लोक बसून होते. बाईंनी मारवा घेतला. काय लावला होता! एका जागी त्या स्वर सोडून थांबल्या. सभागृहात कोणी श्वास घेत नव्हतं. त्या बहिणीसुद्धा गप्प होत्या. नेमकं तेव्हा कोणाची तरी बांगडी किणकिणली आणि चौथ्या रांगेतून आलं, "श्शऽऽऽऽ!"

बाईंनी डोळे उघडले. "मला म्हणालात का?"

काका उभे राहिले. "नाही जी, तुमी गा. तुमचा आवाज ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक झाली. काकांना यापुढे येऊ नका असं सांगायचं ठरलं. एकमतानं. सांगायला कोणी जायचं, यावरही एकमत झालं. सगळे माझ्याकडे बघत होते.

रविवारी सकाळी मी रिसालीला त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते स्कूटरवर पाठ केलं होतं. फाटकाशी पोचलो तर आतून मारवा ऐकू येत होता. तोच, परवाचा. दार उघडंच होतं.

समोरच्या खोलीत पलंगावर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला, तोंड थोडं वाकडं. पलंगाशी स्टुलावर काका. उशीजवळ त्यांचा मोबाईल. आमच्या कार्यक्रमांत मोबाईल चालू ठेवायला सक्त मनाई आहे आणि ती मनाई राबवणाऱ्यानंच शर्टाच्या खिशात ठेवून सगळा कार्यक्रम टेप केला होता.

"सेक्रेटरीसाहेब! या ना जी. बसा," काका गडबडून उठले. "ही आमची घरची. पॅरालिसिस आहे तिले. सात वर्षं झाली."

मी सचिव होऊन सहा झाली होती. या सहा वर्षांत त्यांनी काकूंचं नाव काढलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये ती थांबण्याची जागा आली. बांगडी किणकिणली. मग खिशातूनच घेतलेला, माईक फाटेल असा 'श्शऽऽऽऽ' आला. आणि काकू हसल्या. अर्ध्या तोंडानं, सगळं अंग हलवून, "आंऽऽ आंऽऽ" करत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

काका ओशाळले. "हिले तेच आवडते. एवढं मोठं गाणं सोडून." मग म्हणाले, "मले काय समजते जी गाण्यातलं? मले झोप येते. हिले समजते. आधी आमी दोघं येत होतो, मी झोपत होतो अन् ही कोपर मारत होती. आता मी जागा राहतो. पण हिच्यासाठी रेकॉर्ड करतो तर दुसऱ्याचा खोकलाच जास्त येते. हिनं ऐकावं काय? म्हणून बोलतो लोकाईले."

चहा आला. तोही काकांनीच केला. पाठ केलेलं भाषण मी चहाबरोबर गिळलं आणि म्हटलं, "काका, काकूंनाच घेऊन या की. व्हीलचेअर आत येते."

"नाही जी." ते पटकन म्हणाले. "तिचा आवाज तिच्या हातात नाही. गाणं चालू असन अन् ही ओरडली, तर? लोकं डिस्टर्ब होतात."

वर्षानुवर्षं सगळ्यांना सुनावलेला नियम त्यांनी सगळ्यात आधी घरी लावला होता. मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं, 'बोलणं झालं.' काय झालं ते सांगितलं नाही.

दुर्गला शाळेत संगीत शिकवणाऱ्या सुनीताताई आमच्याकडे एकदोनदा गायल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते घरी." काकांना राजी करायला दोन आठवडे लागले. शेवटी एका रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या समोरच्या खोलीत सुनीताताई आणि तबलजी धरून आम्ही आठ जण दाटीवाटीनं बसलो. काकांनी सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत ठेवून घेतले होते.

सुनीताताईंनी तोडी सुरू केला. दहा मिनिटं काकू स्तब्ध होत्या. मग आलाप वर चढू लागला आणि त्या ओरडल्या. मोठ्यानं, लांब, भिंतीवरून परत येईल असं. शेजारच्या चक्रवर्ती काकूंनी सवयीनं मान वळवली आणि लगेच पुन्हा समोर केली.

काका उठले होते. बोट ओठांपर्यंत गेलं होतं. आम्ही सगळे सुनीताताईंकडे बघत असल्याचं नाटक करत होतो. सुनीताताई थांबल्या नाहीत. त्यांनी फक्त पुढचा स्वर जरा उशिरा घेतला.

काकांचं बोट खाली आलं. ते पलंगाशी जमिनीवर बसले, काकूंचा उजवा हात धरला आणि मान खाली घालून बसून राहिले. काकू आणखी चारपाच वेळा ओरडल्या. एकदा तर द्रुतात, अगदी समेवर. त्यावर तबलजीनं खरोखरची दाद दिली. काका मान वर करायला तयार नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते.

सगळे गेल्यावर ते मला सोडायला फाटकापर्यंत आले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सायेब, खरं सांगा. लय आवाज झाला का जी आमच्याकडून?"

"कसला आवाज?" मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. हेल्मेट काखेत मारून 'घातलं होतं साहेब' म्हणणारी माणसं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. मग त्यांनी फाटकाची कडी दोनदा वरखाली केली.

"पुढच्या प्रोग्रामले हिले घेऊन येऊ काय? मागं बसू आमी. दाराजवळ. म्हंजे काही झालं तर पटकन बाहेर नेता येते."

"या," मी म्हटलं.